दोन्ही दिशांची सरासरी

जगातली सगळ्यात वेगवान गाडी कोणती, हा प्रश्न या गृहस्थासमोर कुणी चुकूनही काढू नये. विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं आणि हा उलटतपासणी सुरू करतो. "वेगवान म्हणजे? एका दिशेने की दोन्ही? लिमिटर ठेवून की काढून? गाड्या किती विकल्या?" विचारणारा बिचारा "बुगाटी असेल ना?" असं पुटपुटत चहाचा कप उचलतो. बुगाटी! झालं. आता लंच टाइम संपेपर्यंत कुणाची सुटका नाही.

असा माणूस प्रत्येक ऑफिसात एक तरी असतो, बहुतेक अकाउंट्समध्ये. नेमस्त चेहरा, शर्टाच्या खिशात दोन पेनं, डब्यात घडीच्या पोळ्या. गाडी जुनी वॅगनआर. समृद्धी महामार्गावर एकशेवीसची मुभा असताना तो ती ऐंशीने हाकतो, तेही डाव्या लेनमधून. लोक म्हणतात, याला वेगाचं वेड आहे. साफ खोटं. वेग दुप्पट करायचा तर हवा कापायला आठपट ताकद लागते, ही खरी थरारक गोष्ट तो एका वाक्यात उरकतो. त्याचा जीव अटींवर. विक्रम झाला की बाकीचे टाळ्या वाजवतात. हा तो कुठल्या कलमाखाली रद्द होईल ते बघायला बसतो.

बुगाटीचंच घ्या. २०१० मध्ये वेरॉन सुपर स्पोर्ट जर्मनीत एरा-लेसीनच्या चाचणी ट्रॅकवर ताशी ४३१.०७ किलोमीटरने धावली. जाऊन-येऊन, रीतसर. पण गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या गाडीला, टायर जपायचे म्हणून, ४१५ वर लिमिटरचा लगाम होता. या मुद्द्यावर २०१३ मध्ये गिनेसने विक्रम बाजूला ठेवला आणि काही दिवसांतच परत बहालही केला. लिमिटर काढल्याने गाडीची मूळ रचना बदलत नाही, असा निवाडा. मधले ते काही दिवस या गृहस्थाच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. बहाली त्याला आजही मंजूर नाही. "विकायची चारशेपंधराची, मिरवायची चारशेएकतीसची. ऑडिटमध्ये चालेल?"

एखादं नवीन भरती झालेलं पोरगं म्हणतं, "पण सर, १९९८ ला मॅक्लारेन एफ वन ३८६ ने पळाली, तेव्हा तिचाही लिमिटर वर नेला होता ना?"

"तिचं प्रकरण वेगळं," असं म्हणून तो डबा बंद करतो. मॅक्लारेन त्याची लाडकी, आणि लाडकीला कलमं लावायची नसतात. कॉलेजात असताना तिचं पोस्टर त्याच्या खोलीत होतं म्हणे.

दोन दिशांच्या बाबतीत मात्र दयामाया नाही, आणि इथे त्याचं म्हणणं मलाही पटतं. पाठीवर वारा आणि पायाखाली जरासा उतार असला की आकडा फुगतो, म्हणून त्याच रस्त्यावर उलट जाऊन सरासरी काढायची. २०१७ मध्ये केनिगसेगची अगेरा आरएस नेवाडातल्या बंद केलेल्या हायवेवर एका दिशेने ४५७.९४ ने गेली आणि परतताना ४३६.४४ ने. एकवीस किलोमीटरचा फरक! विक्रम लागला ४४७.१९ चा. हे तीन आकडे तो जपमाळेसारखे म्हणतो. उलट हेनेसीची व्हेनम जीटी २०१४ मध्ये फ्लोरिडात स्पेस शटलच्या धावपट्टीवर ४३५.३१ ने गेली, पण एकाच दिशेने. "एकतर्फी प्रेमाच्या लग्नपत्रिका छापत नाहीत," इतकंच तो म्हणतो. बुगाटीच्या शिरॉनने २०१९ मध्ये ४९०.४८ गाठले, यांगवांग यू९ एक्स्ट्रीम या चिनी इलेक्ट्रिक गाडीने २०२५ मध्ये ४९६.२२. दोन्ही एकतर्फी. दोन्ही फायली प्रलंबित.

त्याची खरी दिवाळी २०२० मध्ये झाली. ऑक्टोबरात एसएससी कंपनीने जाहीर केलं की आमची तुआतारा सरासरी ५०८.७३ ने धावली, दोन्ही दिशांनी. रस्ता नेवाडातला, तोच, अगेरावाला. आता काय बोलणार? पण काही यूट्यूबवाल्यांनी व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला, रस्त्याकडेच्या खुणांमधलं अंतर मोजलं, वेळेने भागलं. आकडा जमेना. तेव्हा ऑफिस घरून चालू होतं. गृहस्थाने सहामाहीचा हिशेब एका ज्युनियरच्या गळ्यात मारला आणि नकाशा उघडून स्वतः भागाकार केला. शेवटी कंपनीने माघार घेतली, आणि जानेवारी २०२१ मध्ये फ्लोरिडात नव्याने धावून ४५५.३ ची सरासरी नोंदवली. आम्हाला वाटलं, खोटं पकडलं गेलं म्हणून हा खूश असेल. तो खूश होता सातवीतला भागाकार अमेरिकेत चालला म्हणून.

परवा ठाण्याहून त्याचा पुतण्या आला. "काका, नाशिक दोन तासांत! कसारा घाट धरून!"

काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. काकांनी चष्मा सारखा केला.

"आणि परत जाताना?"

"अजून परत कुठे गेलोय, काका?"

"मग विक्रम म्हणू नकोस. दावा म्हण."