सदर सरोवर डावीकडे की उजवीकडे?

प्रति,
बैकाल सरोवर,
दक्षिण सैबेरिया, रशिया

विषय : रेल्वेच्या खिडकीतून दिसण्याच्या कामी होत असलेल्या हयगयीबाबत

सदर सरोवर ६३६ किलोमीटर लांब आणि १६४२ मीटर खोल आहे. बर्फ न झालेले जेवढे गोडे पाणी पृथ्वीच्या पाठीवर आहे, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा त्याच्या एकट्याच्या ताब्यात आहे. एवढी मालमत्ता नावावर असूनही गाडीच्या वेळेला उजेडात हजर राहणे त्यास जमत नाही, अशी ट्रान्स-सैबेरियन मार्गावरील प्रवाशांची तक्रार आहे. मॉस्कोहून निघालेला प्रवासी साडेतीन दिवस बर्चची झाडे बघत काढतो, इर्कुत्स्कला पोहोचतो, आणि पुढचे काही तास नेमके रात्रीचे निघतात. सकाळी पडदा सारावा तर पाणी मागे पडून बुर्यातियाची कुरणे लागलेली. याबाबत सरोवराचा खुलासा अद्याप प्राप्त नाही.

घोळाचे मूळ असे की, बैकालच्या दक्षिण टोकाकडे लोहमार्ग दोन आहेत आणि सहलींच्या जाहिरातींत एकाचे फोटो दुसऱ्याच्या तिकिटावर खपतात.

जुना मार्ग इर्कुत्स्कहून अंगारा नदीच्या काठाने पोर्ट बैकालला येई. तिथे रूळ संपत, समोर पाणी. किनाऱ्याचे कडे फोडण्याचे काम लांबत होते, म्हणून इंग्लंडात न्यूकॅसलला एक बर्फफोडी बोट बांधून घेतली, तिचे सुटे भाग सैबेरियात नेले आणि काठावर जोडले. रेल्वेचे डबे पोटात घेऊन ती पलीकडच्या तीरावर उतरवून देई. १९०४ च्या हिवाळ्यात जपानशी युद्ध जुंपले. बोटीचे बर्फापुढे काही चालेना, तेव्हा गोठलेल्या पाण्यावरच रूळ अंथरले आणि डबे घोड्यांकडून ओढवून घेतले. रेल्वेला सरोवराने मनापासून सहकार्य केल्याचा हा बहुधा एकमेव दाखला. कडे फोडून झाले आणि १९०५ पासून काठाने रीतसर वाहतूक सुरू झाली.

पुढे इर्कुत्स्कचे धरण आले. १९५६ मध्ये अंगाराकाठचे रूळ पाण्याखाली गेले. मुख्य मार्ग त्याआधीच डोंगरातून थेट स्ल्युद्यांका स्थानकाकडे वळवला होता. धरणात गाव जाते, देऊळ जाते, हे उजनी-कोयनेच्या मुलखात कुणाला सांगायला नको. इथे रेल्वे गेली. उरला तो स्ल्युद्यांका ते पोर्ट बैकाल हा सुमारे ८५ किलोमीटरचा तुकडा, पुढे कुठेच न जाणारा. गंमत अशी की त्यावरचे किलोमीटर अजून इर्कुत्स्कपासून, म्हणजे बुडालेल्या रुळांवरूनच, मोजले जातात. पोर्ट बैकालला मोजणी बहात्तराच्या आसपास सुरू होते, आणि काही थांब्यांना आकडा हेच नाव. ‘११० किलोमीटर’ला उतरणाऱ्याने कुठपासून ११०, हे विचारू नये.

देखावा म्हणून जे काही आहे, ते या तुकड्यावर. चाळिसाला टेकलेले बोगदे, दरडी थोपवणाऱ्या दगडी कमानी, आणि रुळांपासून हाताच्या अंतरावर पाणी. इर्कुत्स्कहून सहलीची गाडी निघते. ती दिवसा जाते आणि मुद्दाम थांबत थांबत जाते. घाई नसणाऱ्यासाठी आठवड्यातून मोजके दिवस धावणारी, ‘मतान्या’ या लाडक्या नावाची स्थानिक गाडीही आहे. स्ल्युद्यांकाहून निघाल्यास पाणी सतत उजवीकडे राहते. पोर्ट बैकालला पोहोचल्यावर अंगाराचे मुख ओलांडून समोरच्या लिस्तव्यांकाला बोटीने जाता येते आणि तिथून रस्त्याने इर्कुत्स्कला. म्हणजे त्याच वाटेने परतण्याची गरज नाही.

मुख्य मार्गही अगदीच कोरडा नाही. स्ल्युद्यांकानंतर सुमारे दोनशे किलोमीटर तो सरोवराच्या दक्षिण काठाने जातो. पूर्वेकडे जाताना पाणी डावीकडे, परतताना उजवीकडे. पण चार शायिकांच्या बंद कप्प्याचे महागडे तिकीट काढले म्हणजे पाणी दिसेलच असे नाही. कप्प्यांच्या खिडक्या डब्याच्या एकाच अंगाला असतात, दुसऱ्या अंगाला बोळ. बैकाल बोळाच्या बाजूला आला तर पैसे भरलेला माणूस चहाचा पेला धरून बोळात उभा. उघड्या डब्यातला, आपल्याकडच्या साइड लोअरसारख्या जागेवरचा प्रवासी मात्र बसल्या जागी सरोवर बघतो.

वेळेचा घोटाळा वेगळाच. पूर्वी साऱ्या रशियाभर तिकिटावर मॉस्कोची वेळ छापलेली असे. इर्कुत्स्क मॉस्कोच्या पाच तास पुढे, त्यामुळे तिकिटावरचे रात्रीचे अकरा म्हणजे तिथले पहाटेचे चार. ऑगस्ट २०१८ पासून स्थानिक वेळ छापतात. जुनी प्रवासपुस्तके वाचून जो हुशारीने पाच तास मिळवतो, त्याला फलाट रिकामा सापडतो. सरोवर उजेडात बघायचे तर इर्कुत्स्कहून सकाळी सुटणारी गाडी धरावी, मग ती मॉस्कोहून आलेली असो वा नसो.

ऋतूच्या बाबतीत सरोवराचे वागणे कोणत्याही वेळापत्रकात बसत नाही. ते नोव्हेंबर-डिसेंबरात गोठत नाही, फक्त धुके काढते. जानेवारीत गोठते आणि मेपर्यंत जागा सोडत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फ काचेसारखा पारदर्शक असतो, पण तो गाडीतून कळत नाही. त्यासाठी खाली उतरून पालथे पडावे लागते. जुलै-ऑगस्टला ऊब असते आणि पाऊसही. खिडकीपुरता विचार केला तर सप्टेंबर बरा : हवा स्वच्छ, आणि काठावरचे लार्च पिवळे पडलेले.

स्ल्युद्यांकाचे स्थानक संगमरवरी आहे. तिथे गाडी जेमतेम एक-दोन मिनिटे थांबते. सरोवरातला धुरावलेला ओमुल मासा घ्यायला उतरणाऱ्याने चपला आधीच पायात घालून दारात उभे राहावे आणि पैसे सुटे ठेवावेत. मासा कागदातून तेल सोडतो आणि त्याचा वास पुढचे दोन दिवस डब्यात मुक्कामाला असतो. सरोवराचे हे दर्शन मात्र रात्रीच्या गाडीलाही चुकत नाही.

तरी पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांना डावीकडे, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना उजवीकडे, सूर्योदय ते सूर्यास्त आणि धुके वगळून हजर राहण्याबाबत सरोवराने उलटटपाली कळवावे.

प्रत माहितीसाठी : अंगारा नदी. (सरोवरात तीनशेहून अधिक नद्या-ओढे येतात, बाहेर पडते ती ही एकटीच, सबब उत्तर तिच्याच हाती द्यावे.)