पडदा ओढल्यावर दिसणारे ऋतू

महाराष्ट्रात वर्षाचे भाग किती, या प्रश्नावर जाणकारांचे एकमत कधीच नव्हते. पंचांग वसंतापासून शिशिरापर्यंत सहा ऋतू मोजते, घरातली भाषा उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा एवढ्या तिघांवर भागवते, शेतकरी एकट्या पावसाचेच मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रांत भाग पाडतो, आणि १८७५ साली स्थापन झालेला भारतीय हवामान विभाग हिवाळा, पूर्वमोसमी काळ, नैर्ऋत्य मोसमी पावसाचा काळ व उत्तरमोसमी काळ असे चार भाग मानतो. अलीकडे शिशुवर्गातील स्मार्ट बोर्डानेही या वादात आपले मत नोंदवले असून त्याच्या मतेही ऋतू चारच आहेत. मात्र ते ‘स्प्रिंग’, ‘समर’, ‘ऑटम’ व ‘विंटर’ असल्यामुळे त्यांत पावसाळ्याला जागा उरलेली नाही. बाराला तीन, चार व सहा या तिन्ही संख्यांनी निःशेष भाग जात असल्याने गणिताची याला हरकत नाही. हरकत असलीच तर ती ढगांची असावी, आणि त्यांना पालकसभेचे निमंत्रण नसते.

स्मार्ट बोर्ड म्हणजे संगणकाला जोडलेला, बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद देणारा आणि वीज असेपर्यंत हुशार राहणारा फळा. त्यावर दाखवला जाणारा ऋतूंचा धडा पुष्कळदा समशीतोष्ण कटिबंधातील, म्हणजे कर्कवृत्ताच्या उत्तरेकडे दूर वसलेल्या देशांतील, हवेवरून बेतलेला असतो, आणि तेथे जून, जुलै व ऑगस्ट हे महिने उन्हाळ्याचे असतात. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते व शाळाही जूनच्या मध्यास उघडतात, त्यामुळे निथळता रेनकोट खुंटीला टांगून मूल जागेवर बसते, तेव्हा पडद्यावरचा सूर्य काळा चष्मा लावून त्याला उन्हाळ्याच्या शुभेच्छा देत असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. या दिनदर्शिकेप्रमाणे ती तारीख समुद्रकिनारी वाळूचे किल्ले बांधण्याची ठरते.

धड्यानंतरच्या स्वाध्यायात एका बाहुलीला ऋतूप्रमाणे कपडे घालायचे असतात. लोकरी टोपी, मफलर, जाड कोट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट यांची तेथे रेलचेल असते, छत्री मात्र एकच असते आणि ती ‘स्प्रिंग’च्या वाट्याला आलेली असते. कोकणातील इरले किंवा देशावरील घोंगडीची खोळ या बाहुलीच्या कपाटात सापडण्याचा संभव नाही. अनुभवावर विसंबून जुलैच्या चित्रात छत्री ठेवणाऱ्या मुलाला फळा भोंगा वाजवून चूक दाखवतो, आणि ज्याने अंगावर ओला गणवेश असतानाही जुलै कोरडा ठेवला, त्याच्यासाठी टाळ्या वाजतात. निरीक्षणावर विश्वास ठेवू नये, हे विज्ञानशिक्षणाचे पहिले सूत्र अशा रीतीने वयाच्या चौथ्या वर्षीच पक्के होते.

पानांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. थंड प्रदेशांत हिवाळ्यापूर्वी पानांतील हरितद्रव्य, म्हणजे त्यांना हिरवा रंग देणारा घटक, नाहीसे होते व पाने पिवळी-तांबडी होऊन गळतात. म्हणून फळ्यावर लाल पान हे ‘ऑटम’चे, अर्थात निरोपाचे, चिन्ह ठरले आहे. सह्याद्रीतील कुसुंबाच्या झाडाला हा संकेत कोणी कळवलेला नसल्याने ते वसंताच्या तोंडावर लालभडक पालवी धारण करते, आणि आंब्याची कोवळी पानेही तांबूसच निघतात. तात्पर्य, येथे ज्या रंगाने झाडाचे बारसे होते, त्याच रंगात मुलांना त्याची उत्तरक्रिया रंगवायला दिली जाते. ‘विंटर’साठी लागणारा बर्फ कापूस चिकटवून तयार होतो, हे त्यातल्या त्यात स्थानिक म्हणता येईल, कारण हिवाळ्यात विदर्भातील शेते खरोखरच पांढरी दिसतात, फक्त त्या बर्फाला हमीभाव मिळावा म्हणून आंदोलन करावे लागते.

या साऱ्याचा दोष यंत्राला देणे अन्यायाचे होईल. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे ऋतू घडतात, ही खिडकीतून न दिसणारी गोष्ट पडदा उत्तम दाखवू शकतो. अंगणातल्या एकाच झाडाचे दर आठवड्याला छायाचित्र घेऊन वर्षअखेरीस ती सारी ओळीने दाखवणे, किंवा बाटली कापून केलेल्या पर्जन्यमापकातील पाणी रोज मोजून त्याचा आलेख काढणे, हेही त्याला सहज जमेल. परंतु त्यासाठी आधी कोणालातरी अंगणात जावे लागेल, आणि अंगण हे विकत घेतलेल्या सामग्रीत मोडत नसल्यामुळे त्याचा वापर केल्याची नोंद कोठे करावी, हा प्रश्न उरतो. खुद्द सूर्यानेही शाळेशी फारसे सहकार्य केलेले नाही. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथे तो वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. पण पहिल्यांदा तो मे महिन्यात, म्हणजे सुटीत, येतो आणि दुसऱ्यांदा जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे बहुधा ढगांआड.

तेव्हा प्रचलित पद्धतीच चालू राहते. चित्र स्पष्ट दिसावे म्हणून खिडक्यांचे पडदे ओढून घेतले जातात आणि मग ऋतू शिकवायला सुरुवात होते. जूनमध्ये पहिली जोराची सर आली की वीज जाते, फळा काळा पडतो, उकाड्यामुळे बाईंना पडदे सारून खिडक्या उघडाव्या लागतात, आणि तीस मुले गजांतून हात बाहेर काढून पागोळ्या झेलत उभी राहतात. त्या दिवशीच्या टाचणवहीत मात्र वीज नसल्याने ऋतूंचा पाठ होऊ शकला नाही, असा शेरा नियमानुसार लिहिला जातो.