सेवेत कायम

शहाड स्थानकापासून गोल मैदानापर्यंतच्या विजेच्या खांबांवर ज्यांची हात जोडलेली छबी सध्या झळकत आहे, ते एका कामगार संघटनेचे विभागीय अध्यक्ष त्याच पदासाठी पुन्हा एकवार उमेदवार म्हणून उभे आहेत, या वृत्ताने उल्हासनगर कॅम्प १ मधील कोणाही सुज्ञ रहिवाशाच्या निद्रेत व्यत्यय आल्याचे ऐकिवात नाही. अध्यक्षांचे आणि संघटनेचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. वाचकाने आपल्या परिचयाचे कोणतेही नाव त्या जागी घातले तरी वर्णनात कानामात्रेचाही फरक करावा लागणार नाही, अशी आमची खातरी आहे.

१९२६ च्या कामगार संघटना अधिनियमात २००१ साली जी दुरुस्ती झाली, तिने पदाधिकाऱ्यांची मुदत तीन वर्षांहून अधिक असू नये असा दंडक घालून दिला. परंतु ती मुदत एकाच गृहस्थाने किती वेळा भोगावी याविषयी त्या दयाळू कायद्याने मौन पाळले, आणि त्या मौनाच्या सावलीत अध्यक्षांची वहिवाट एखाद्या जुन्या पाटीलकीसारखी निर्वेध चालत आली. दर तीन वर्षांनी सभा भरते, अहवाल वाचला जातो, हिशेब मंजूर होतो आणि अध्यक्ष बिनविरोध निवडून येतात; विरोधक नसतात असे नव्हे, पण त्यांचे अर्ज छाननीत बाद होण्याचा शिरस्ता आहे.

अध्यक्षांच्या प्रचारपत्रकात नारायण मेघाजी लोखंडे यांचे पुण्यस्मरण प्रथम आहे, हे उचितच झाले. लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत उभारलेल्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनजवळ ना सभासदांची यादी होती, ना निधी, ना नियमावली. तरीही १८९० साली गिरणी कामगारांच्या पदरात रविवारची सुटी पडली. आमच्या संघटनेजवळ यादी आहे, निधी आहे, नियमावली आहे, वातानुकूलित कचेरीही आहे. न्यून इतकेच, की जिच्या नावे सुटी मागावी ती कामगारमंडळीच दिवसेंदिवस विरळ होत चालली आहे.

आणि याच ठिकाणी अध्यक्षांच्या यशाचे खरे रहस्य दडलेले आहे. अंबरनाथची विमको आगपेट्या करीनाशी झाली, मोहोन्याच्या एन. आर. सी. कारखान्याला २००९ साली टाळे लागले, २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या. अशा प्रत्येक प्रसंगी अध्यक्षांनी तीव्र निषेधाचा ठराव तत्परतेने संमत करून घेतला, आणि प्रत्येक ठरावानंतर मतदारयादी थोडी अधिक सुटसुटीत झाली. राहिलेल्या कारखान्यांत जे राबतात ते बहुतांशी ठेकेदाराचे लोक. स्थायी आदेशांप्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस भरलेला बदली किंवा तात्पुरता कामगार कायम होण्यास पात्र ठरतो. म्हणून तो आकडा दृष्टिपथात येताच त्याला ‘ब्रेक’ देण्याची आणि काही दिवसांनी नव्या हजेरीपत्रकावर नव्या ठेकेदाराच्या नावाने उभे करण्याची युक्ती बदलापूरपासून शहाडपर्यंत सर्वत्र मुरलेली आहे. असा कामगार संघटनेच्या यादीत येत नाही, आणि जो यादीत नाही त्याला अध्यक्षांविषयी मत असण्याचे कारण नाही. जे थोडे कायम कामगार यादीत उरले, ते निवृत्तीच्या उंबरठ्यावर असून त्यांना शांतता प्रिय आहे.

परवाच्या गेट मीटिंगमध्ये अध्यक्षांनी मराठी, हिंदी आणि चार शब्द सिंधीतून, सर्व भाषांना समान न्याय देत, आपल्या कारकिर्दीचे समालोचन केले. कायद्याने किमान ८.३३ टक्के ठरवलेला बोनस आपण व्यवस्थापनाशी झुंजून ‘मिळवून दिला’ हे त्यांनी सद्गदित कंठाने सांगितले. बोनसचा कायदा १९६५ सालीच झाला होता, ही क्षुल्लक बाब सांगण्याचे भान त्या भावनावेगात राहिले नसावे. फाटकाबाहेर डबा हातात धरून उभ्या असलेल्या एका ठेकेदारी पोराने ‘साहेब, आमचं काय?’ असे विचारताच, ‘तुमचा प्रश्न आमच्या अजेंड्यावर आहे’ असे उत्तर मिळाले. तो प्रश्न तेथे गेल्या कित्येक निवडणुकांपासून असल्याने या उत्तराच्या सत्यतेविषयी शंका घेता येणार नाही.

अध्यक्षांना मत द्यावे की नाही याबाबत सल्ला देण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु या साऱ्या औद्योगिक पट्ट्यात ज्याच्या सेवेत कधी ब्रेक पडला नाही, ज्याला ठेकेदार बदलावा लागला नाही आणि निवृत्तीचे वय ज्याला लागू नाही, असा एकमेव कायम कामगार म्हणून ते गौरवास निश्चित पात्र आहेत. सबब, ठेकेदारी बंधूंनी पुढील मागणीपत्रात पगारवाढ, बोनस, गणवेश इत्यादी किरकोळ कलमे गाळून एवढे एकच कलम घालावे, की आम्हां सर्वांस अध्यक्षांच्या सेवाशर्ती लागू करण्यात याव्यात.