कोरं करकरीत

जपूनकरांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण आमच्या अमेरिकेतल्या मंडळात ते फक्त वर्गणीच्या पावतीवर उरलंय. माणूस सालस, मदतीला तत्पर, हिशेबाला चोख. एवढंच, की वस्तू घरात आली की ते तिचे मालक राहत नाहीत, राखणदार होतात. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड. सोफ्यावर कव्हर, कव्हरवर चादर, आणि लहान मुलं येणार असली तर चादरीवर टॉवेल. गाडीच्या दारावरची कारखान्यातली फिल्म अजून तशीच आहे. आता कडेने उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसते, पण आहे.

ही जमात काही अमेरिकेत पैदा झालेली नाही. जूनमध्ये पुस्तकांना खाकी कव्हर आणि त्यावर पुन्हा प्लॅस्टिक घालून जी पिढी शाळेत गेली, जिच्या घरात रेडिओला भरतकामाचं पांघरूण होतं आणि चांगल्या कपबशा शोकेसमधून फक्त व्याही आले की उतरायच्या, त्या पिढीचा हा वाण. न्यू हॅम्पशायरमध्ये येताना लोक लोणचं-पापड आणतात, जपूनकर ही सवय घेऊन आले.

अशा माणसाने वूडस्टोव्ह घ्यावा, हा नियतीचा वात्रटपणा म्हणायचा. कारण मात्र सयुक्तिक होतं. २००८ च्या डिसेंबरात इथे बर्फाळ पावसाचं वादळ झालं, झाडं मोडून तारांवर पडली, लाखो घरांची वीज गेली आणि काहींची दोन-दोन आठवडे आली नाही. तळघरात तेलाची टाकी भरलेली, पण बर्नर चालतो विजेवर, म्हणजे तेल असून कुडकुडायचं. इथले जुने लोक अजून ती हकीकत सांगतात आणि प्रत्येक सांगणाऱ्याच्या घरात लाकडाची शेगडी असते. जपूनकरांनी ती इतक्यांदा ऐकली, की शेवटी तेही दुकानात गेले.

शेगडी आली. काळी कुळकुळीत, मखमलीसारखी. बसवणाऱ्याने जाताना सांगितलं, की हा रंग सिलिकोनचा आहे, बाराशे अंश फॅरनहाइट सोसतो. पण कारखान्यातून येतो तो नुसता वाळलेला. पक्का होतो तो शेगडीच्या आचेवर. पहिला जाळ मंद, दुसरा त्याहून चढा, तिसरा सणसणीत. मधे रंग मऊ पडेल, धूर येईल, घाण वास येईल. खिडक्या उघडा, बोट लावू नका, वर काही ठेवू नका.

म्हणजे चांगलं तापवल्याशिवाय जिचा रंग टिकत नाही, अशी वस्तू जपूनकरांच्या पदरात पडली.

आधी पूजा. वहिनींनी तेलात कुंकू कालवून बाजूच्या पत्र्यावर स्वस्तिक काढलं. मग पहिला जाळ. जरा धूर निघाला, धुराची घंटा ठणाणली, आणि जपूनकरांनी जाळ विझवला. जानेवारीत खिडक्या उघडायच्या म्हणजे तेलाचे डॉलर अंगणात ओतायचे, ते वेगळंच. त्यानंतर शेगडी पेटायची ती नैवेद्यापुरती, चार काटक्यांवर. तापमान बघायचं लोहचुंबकाचं घड्याळ सोबत मिळालं होतं. त्याने ओरखडा पडेल म्हणून त्यांनी ते फ्रिजला लावलं. फ्रिज अजून तापलेला नाही, एवढं मात्र त्यावरून खात्रीने सांगता येतं.

स्वस्तिक पुसायला काच पुसायचा फवारा वापरला, तिथे डाग पडला. डाग झाकायला जपूनकरांनी हार्डवेअरच्या दुकानातून साध्या काळ्या रंगाचा स्प्रे आणला आणि त्याचा जाड थर दिला. तेलावर रंग, तोही साधा, तोही जाड. मग फेब्रुवारीत पारा उणे वीसच्या खाली गेला, वहिनी म्हणाल्या, ‘‘अहो, शेगडी शोभेची आणलीय का?’’ आणि त्यांनीच तीन जाडजूड ओंडके आत टाकले. सकाळी पत्र्यावरून रंगाचे पापुद्रे सुटले होते. उन्हातल्या पापडासारखे कडेने वळलेले, आणि खाली बोडकं लोखंड.

दुसऱ्या रविवारी संक्रांतीचं उशिरा ठेवलेलं हळदीकुंकू होतं. जपूनकर तिळगुळाआधी फोनवरचे फोटो दाखवत होते. ‘‘नवी आहे हो, पंधरा आठवडेसुद्धा झाले नाहीत.’’ दुकानदाराने हमीपत्र दाखवलं होतं. त्यात भट्टी होती, जोड होते, रंग नव्हता. सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने गेरू सुचवला, एकाने ग्राहक न्यायालय. एक जण म्हणाला, आपलं नेलपॉलिश काढायचं पाणी लावून पुसा. (त्याचा ॲसिटोनपर्यंतचा तर्क बरोबर होता, पण त्या पाण्यात अनेकदा तेल आणि सुगंध मिसळलेला असतो, आणि इथवर सगळं तेलानेच बिघडलेलं.)

जपूनकरांच्या आई तेव्हा इथे होत्या. वाईजवळच्या गावात त्यांनी अर्धी हयात चुलीपुढे काढलेली. त्यांना या सगळ्या शोकसभेचं कारणच कळेना.

‘‘अरे, चूल म्हटली की पोपडे यायचेच. सकाळी उठावं, राख काढावी, पोतेरं फिरवावं. त्यात रडण्यासारखं काय?’’

‘‘आई, ही साडेतीन हजार डॉलरची आहे.’’

‘‘मग पोतेरंही जरा महाग घे.’’

पोतेरं शेवटी शेजारच्या म्हाताऱ्याने फिरवलं. जन्म लाकडं फोडण्यात गेलेला तो गोरा गृहस्थ. तो म्हणाला, बेंजामिन फ्रँकलिनने १७४० च्या दशकात लोखंडी शेगडी काढली आणि पेटंट देऊ केलं तर नको म्हणाला. जपूनकरांना हे पटलं नाही. नवी कोरी कल्पना, तीही जपली नाही! म्हाताऱ्याने शेगडी पूर्ण गार होऊ दिली. तारेच्या काथ्याने पापुद्रे काढले, त्यांच्या कडा हाताला लागेनाशा होईपर्यंत घासल्या. धूळ ओढली, शुद्ध ॲसिटोनने पुसलं आणि जपूनकरांना सांगितलं, ‘‘आता बोट लावायचं नाही.’’ जपूनकर म्हणाले, ‘‘ते मला सांगू नका.’’ काचेवर आणि दाराच्या दोरीवर कागद चिकटवला. शेगडीचाच, त्याच कंपनीचा रंग फूटभर अंतरावरून, दिसेल न दिसेल असा; पंधरा मिनिटं थांबून दुसरा हात. घरात कुठे ज्योत नाही ना, हे त्याने आधी पाहिलं. स्प्रेमधला वायू भडकतो, तापलेल्या शेगडीवर तो कधी म्हणजे कधी मारायचा नाही, हे त्याने वहिनींनाही बजावलं, जपूनकरांच्या नातवालाही.

मग जाळ. अडीचशे अंश, गार. मग चारशेच्या पुढे, गार. मग सहाशे. घड्याळ फ्रिजवरून उतरलं. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आई दोन शाली पांघरून आणि जपूनकर माकडटोपी घालून उभे, खोलीत निळसर धूर. चौथा ओंडका घातला तेव्हा जपूनकरांच्या तोंडून ‘बास’ निघालं, म्हाताऱ्याने पाचवा घातला. प्रसूतिगृहाबाहेर बसलेल्या बापाचाही चेहरा इतका उतरलेला मी पाहिलेला नाही. पण रंग बसला तो बसलाच. परवा नातवाने त्यावर चमचा वाजवला, काही झालं नाही. आजोबांना मात्र पाणी प्यावं लागलं.

मार्चमध्ये ओला बर्फ पडला आणि आमच्या गल्लीची वीज गेली. सगळे जपूनकरांकडे. शेगडी धडाडून पेटलेली, वर आमटी, बाजूला आई ऐटीत बसलेल्या. कुणाच्या तरी पोराने बर्फाने भिजलेले हातमोजे सरळ शेगडीवर ठेवले. चर्र झालं, लोकरीचा वास आला आणि उचलल्यावर पाच बोटांचा पांढरा ठसा उमटलेला दिसला. जपूनकर त्या पोराला एक शब्द बोलले नाहीत. उठले आणि निघून गेले. थोड्या वेळाने गॅरेजमधून रंगाचा डबा हलवल्याचा खुळखुळ आवाज यायला लागला, तसा शेजारचा म्हातारा आमटीतून मान वर न काढता ओरडला, ‘‘उद्या! गार झाल्यावर!’’