एकच भाव, दोन किल्ल्या

न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर शनिवारी सकाळी चक्कर मारली, की आपल्या लोकांनी कुठल्या मोटारी घ्यायच्या याचा कुठेतरी ठराव झाला असावा असं वाटतं. करडी कॅमरी, पांढरी अकॉर्ड, आणि दुसरं मूल झालं की सरकत्या दाराची ओडिसी किंवा सिएना. पुढे डॅशबोर्डवर गणपती, मागे कॉस्टकोतून आणलेला पेपर टॉवेलचा गठ्ठा. या वस्तीत राहून दोन सीटची, कापडी टपाची, लाल स्पोर्ट्स कार घ्यायची इच्छा मी बोलून दाखवली, तेव्हा बायकोने आधी माझं ब्लडप्रेशर मोजलं.

माझा मुद्दा तसा बिनतोड होता. मुलं कॉलेजला गेली, घरात माणसं उरली दोन, मग सात सीट कुणासाठी पुसायच्या? फक्त त्याच आठवड्यात सासरे व्हिसाचे सहा महिने काढायला आले आणि घरात माणसं झाली तीन.

सासरे, म्हणजे अप्पा, एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. लाल रंगाच्या वाहनांशी त्यांचा उभा जन्म गेलेला. मी त्यांना मोबाइलवर गाडीचा फोटो दाखवला. माझदा मियाटा, 2019 चं मॉडेल.

"माझदा? म्हणजे आपली स्वराज माझदा?"

अप्पांच्या डोळ्यांपुढे टेम्पो उभा राहिला होता. मी सांगितलं की नातं आहे, पण लांबचं. "इंजीन चांगलं असायचं हो," ते म्हणाले, "पण त्यात माणसं बरीच मावायची."

मियाटाची जन्मकथा मला फार आवडते. एके काळी इंग्रज मंडळी एमजी, ट्रायम्फ, लोटस अशा छोट्या उघड्या मोटारी बनवत. दिसायला देखण्या, चालवायला मजेशीर, आणि उभ्या केल्या की खाली तेलाचं थारोळं. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या लोकांच्या डोक्यात भरवलं की अशीच हलकी, स्वस्त गाडी तुम्ही काढा. माझदाने 1989 साली शिकागोच्या प्रदर्शनात ती आणली. मजा तीच ठेवली, तेल गळायचं बंद केलं. 2016 साली दहा लाखावी मियाटा हिरोशिमाच्या कारखान्यातून बाहेर पडली. दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढा खप जगात दुसऱ्या कुणाचा नाही. हे सगळं मी बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "डिकीत काय मावतं?" साधारण 130 लिटर, मी म्हणालो. ती म्हणाली, लिटरमध्ये सांगू नकोस, तांदळाच्या पिशव्यांत सांग.

जुनी गाडी घ्यायची तर अमेरिकेत आता मोठमोठ्या साखळी-दुकानांकडे जातात. यातली प्रसिद्ध कारमॅक्स 1993 मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडला सुरू झाली, आणि ती काढली होती सर्किट सिटी या टीव्ही-फ्रिज विकणाऱ्या कंपनीने. टीव्हीवर जशी किमतीची चिठ्ठी असते तशी मोटारीवर लावायची, घासाघीस बंद, एवढाच विचार. टीव्हीचं दुकान पुढे बुडालं, मोटारींचं टिकलं. तिचं पाहून इतरही त्या वाटेने गेले. आम्ही गेलो ते दुकान त्या इतरांपैकी.

आता, घासाघीस बंद ही सोय आहे असं इथली माणसं समजतात. मला ते कधी पटलं नाही. तुळशीबागेत आपण भाव पाडतो तो दहा-वीस रुपयांसाठी, हा बाहेरच्यांचा गैरसमज. "कितीला द्याल?" म्हटल्यावर दुकानदार लगेच उतरला तर मालात काहीतरी खोट आहे. "परवडत नाही हो ताई" म्हणून त्याने पिशवी आत ठेवली तर माल चांगला आहे. भाव पाडता पाडता त्याचा आवाज कुठे पडतो, ते ऐकायचं असतं. चौकशी सरळ केली तर कुणी खरं सांगत नाही, म्हणून ती पैशांच्या आडून करायची.

अर्थशास्त्रात याच दुखण्यावर नोबेल मिळालेलं आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. गाडीत काय बिघाड आहे ते विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही, त्यामुळे बाजारात वाईट गाड्या चांगल्या गाड्यांना हुसकून लावतात, असं त्याचं सार. एवढी साधी गोष्ट छापायची कशाला, म्हणून नियतकालिकांनी तो आधी साभार परतही केला होता. 2001 साली अकरलॉफना पारितोषिक मिळालं. अप्पांना मी हे वाटेत ऐकवलं, तर ते म्हणाले, "आमच्या डेपोत हे हेल्परला माहीत होतं."

दुकान म्हणजे विमानतळच. चकचकीत फरशी, फुकट कॉफी, निळा पोलो शर्ट घातलेला, नातवाच्या वयाचा पोरगा, हातात टॅब्लेट. गाडी बाहेर काढून ठेवलेली. काचेवर 'बायर्स गाइड'चा कागद. वॉरंटी आहे की 'आहे तशी' विक्री, ते जुन्या गाडीच्या खिडकीवर लिहिणं इथल्या विक्रेत्यांना 1985 पासून सक्तीचं आहे. पोराने कारफॅक्सचा, म्हणजे गाडीच्या पूर्वेतिहासाचा, अहवाल दाखवला. एक मालक, अपघात शून्य.

अप्पांनी अहवालाकडे पाहिलंही नाही. ते गाडीभोवती फिरायला लागले, देवळात फिरतात त्याच्या उलट. बोटाचं पेर वाकवून पत्र्यावर टकटक करत गेले. मग धोतर नेसल्यासारखी पँट गुडघ्याशी वर ओढून चाकापाशी उकिडवे बसले. टायरच्या कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. तीन टायरांवर 3218. पुढच्या डाव्या टायरवर 0622.

"हा एकटाच का धाकटा?"

पोरगा म्हणाला, पंक्चर झालं असेल. अप्पांनी बॉनेट उघडायला लावलं आणि मडगार्डचे बोल्ट मला दाखवले. उजवीकडच्या बोल्टांवर कंपनीचा लाल रंग अखंड होता. डावीकडच्या बोल्टांच्या कोपऱ्यांवरचा रंग पान्याने उडाला होता. म्हणजे मडगार्ड उतरवून पुन्हा बसवलेलं. कारफॅक्सला जे कुणी कळवतं तेच कारफॅक्सला कळतं. कुणीतरी फुटपाथच्या कठड्याला गाडी घासून, विमा कंपनीला न सांगता, गल्लीतल्या गॅरेजात काम उरकलं होतं. चासी सरळ होती, तेलाचा वास ठीक होता, सायलेन्सरच्या तोंडात घातलेलं बोट कोरडं निघालं. "गाडी चांगली आहे," अप्पा मला मराठीत म्हणाले. "पण तोंड पाडून उभे राहा."

मग भाव. 24,998 डॉलर, वर न्यू जर्सीचा 6.625 टक्के विक्रीकर. पोरगा नम्रपणे म्हणाला, किंमत बदलत नाही, बदलायची म्हटलं तरी सिस्टीम बदलू देत नाही, आणि त्याचा मेहनताना गाडीमागे ठरलेला आहे, किमतीवर नाही.

"पंचवीस हजार होते," अप्पा म्हणाले. "दोन डॉलर यांनी आपण होऊन सोडले ना? मग सुटतात. मालकाला बोलवायला सांगा."

मालक नव्हताच. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, मालक म्हणजे देशभरचे भागधारक. माझ्या निवृत्तीच्या फंडात सगळ्या बाजाराचे थोडे थोडे शेअर आहेत, त्यात हिचेही असणार. मी हे सांगितल्यावर अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच मुद्दाम भाव अडवून धरला आहे.

करारावर सह्या करायच्या खोलीत एका बाईंनी आम्हाला वाढीव वॉरंटी, टायर-विमा, रंगाला संरक्षक लेप अशा गोष्टी एकामागून एक वाढायला सुरुवात केली. अप्पा प्रत्येकीला हात आडवा करत होते. शेवटी बाई थकल्या, किल्ली पुढे केली. अप्पांनी ती उलटसुलट पाहिली.

"दुसरी कुठे आहे?"

दुसरी नव्हती. जुन्या गाडीबरोबर बऱ्याचदा एकच येते. आणि या किल्ल्या म्हणजे लोखंडाचा तुकडा नव्हे, आत चिप असते, नवी करायची तर काही शे डॉलर. अप्पांनी पेनाचं टोपण लावलं, हाताची घडी घातली आणि खुर्चीत मागे टेकून बसले. पोरगा आत गेला. बाहेर आला. कुणाला तरी फोन केला. पुन्हा आत गेला. किमतीला हात लावायची सोय सिस्टीममध्ये नव्हती, पण किल्लीबद्दल सिस्टीमने काही म्हटलेलं नव्हतं. तासाभराने कागदावर लिहून मिळालं: दुसरी किल्ली, दुकानाच्या खर्चाने. बाहेर येताना अप्पांची चाल एकदम तरुण झाली होती.

बायको ओडिसी घेऊन पुढे गेली. अप्पांना मियाटात बसवणं सोपं गेलं, कारण ते वरून सोडण्यासारखंच होतं. बाहेर काढायचा विचार घरी गेल्यावर करू असं ठरलं. टप उघडा, ऑक्टोबरची हवा, अप्पांच्या डोक्याला माकडटोपी. रूट 1 च्या सिग्नलला शेजारी एक पिवळी मस्टँग येऊन थांबली. आतल्या गृहस्थाने आमच्याकडे पाहून अंगठा वर केला.

अप्पांनी टोपी कानावरून सरकवली आणि ओरडून विचारलं, "हाऊ मच?"

त्याने आकडा सांगितला. अप्पांनी मान हलवली.

"टू कीज?"

मस्टँगवाल्याचा अंगठा हळूहळू खाली आला.