संदर्भसूचीची किमया

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893चं. दोन्हीकडच्या पुस्तकांना प्रकल्पवाल्यांचा फारसा उपद्रव नाही. 'प्राचीन कल्याण बंदर' हा विषय घेतलेला विद्यार्थी लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धा टेकून, ठाणं यायच्या आत मोबाइलवर निबंध उरकतो. सूचीत मात्र 'पेरिप्लस', कान्हेरीचे शिलालेख आणि 1882चं ठाणे गॅझेटियर, पृष्ठांकांसकट! (त्याचे दोन जाडजूड भाग एकदा उचलले असते, तर ते सूचीत चढलेच नसते.) तपासणारेही समजूतदार, सूचीची लांबी बघतात आणि सही करतात. एका विद्यार्थ्याने तर प्रकाशक म्हणून कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याचं नाव दिलं होतं. निदान तो माणूस त्याने प्रत्यक्ष पाहिलेला होता.