लेकुरवाळी होती म्हणून सोडली म्हणे!

अहो, ऐकलंत का? जरा भिंतीजवळ या. तुळशीला पाणी मागून घाला, ती काही पळून जात नाही. ही चिवड्याची ताटली धरा हातात, म्हणजे वरून कुणी पाहिलं तर फराळाची देवाणघेवाण चाललीय असं वाटेल.

एकादशीचं कळलं ना? कार्तिकीला भजनी मंडळ सत्कार करणार आहे, आपल्या पाटबंधारेवाल्या साहेबांचा! शाल, श्रीफळ आणि वर 'भूतदया' ह्या विषयावर त्यांचे दोन शब्द. ज्या माणसानं अख्खा पावसाळा गच्चीवर गळ फेकायचा सराव केला, त्याच्या तोंडून भूतदया ऐकायची! त्यांच्या मिसेस निमंत्रण द्यायला आल्या तेव्हा मी चेहरा कसा सरळ ठेवला, माझं मला ठाऊक. त्याही माझ्याकडे न बघता सारख्या आमच्या पडद्यांकडेच बघत होत्या. त्यांना माहितीये. आणि मला माहितीये, हेही त्यांना माहितीये. फक्त त्यांच्या सासूबाईंना, आजींना माहीत नाही... तीच तर सगळी गंमत.

आता ह्या मासेवाल्या क्लबचं तुम्हाला मी काय सांगायचं. साहेब, आमचे हे, इतिहासाचे सर आणि तो मेडिकलवाला. मुळा धरणावर कणकेच्या गोळ्या लावून बसायचे तोवर बरं होतं हो. कधी रोहू, कधी कटला, नाहीतर आपली चिलापी. माझी कणीक जायची आणि वाटीभर बडीशेप, एवढाच काय तो खर्च. मग एकदा हे लोक मुंबईला गेले, पवईच्या तलावावर. ती जुनी अँगलिंग असोसिएशन आहे ना तिथं, मगरींच्या शेजारी बसून मासे पकडतात ते! तिथं कुणीतरी ह्यांच्या डोक्यात भरवलं की गोड्या पाण्यात काय बसलात, खरी झुंज खाऱ्या पाण्यातली. झालं! समुद्र आपल्या नगरच्या सावेडीपासून तीनशे किलोमीटर, पण ह्यांच्या घरात दुसऱ्या दिवसापासून लाटा.

पहिलं पार्सल आलं तेव्हा साहेब बाहेर होते. मिसेसनी फोन केला, काय मागवलंय म्हणून. तर साहेब म्हणतात, ब्रेड. "ब्रेड? तीन हजारांचा?" अहो, त्या बिचारीनं खोकं उघडून वास घेतला! आत दोरी. शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक, विणलेली, आणि तीस पौंडांचा ताण घेणार म्हणे. तिचं नाव ब्रेड. मग शिमानोचं रीळ आलं. त्याची किंमत साहेबांनी मिसेसना एक सांगितली, क्लबात दुसरी, आणि आमच्या ह्यांनी घरी येऊन मला तिसरीच. मी म्हटलं, शिमानो म्हणजे ती सायकलच्या गिअरवाली? तर हो, तीच. 1921 पासून सायकलचे भाग करते, मागाहून मासे पकडायची रिळं करायला लागली. म्हटलं मग सायकलच घ्यायची होती, पोट तरी उतरलं असतं... पण आपलं कोण ऐकतं.

आणि त्या रिळाला म्हणे ड्रॅग लावावा लागतो. म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की रिळानं थोडी थोडी दोरी सोडायची, नाहीतर तुटते. दोरी जितक्या वजनाला तुटेल त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याला ड्रॅग सुटला पाहिजे. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलो, त्याचे साडेतीन-साडेचार किलो. ते मोजायला भंगारवाल्याचा ताणकाटा आणला आणि झोपाळ्याच्या कडीला अडकवून दोघं जण दोरी ओढतायत! भंगारवाला दारात उभा. त्याला वाटलं झोपाळा विकायचाय.

पावसाळाभर गच्चीवर सराव. जून-जुलैत समुद्रावर यांत्रिक बोटींना बंदीच असते ना, 1 जून ते 31 जुलै, मग जाणार कुठं? एका टोकाला बादली ठेवायची आणि दुसऱ्या टोकावरून नेम धरायचा. बरं, सरावाला गळ काढून नुसतं वजन बांधावं, एवढी साधी अक्कल नको? तो प्लास्टिकचा मासा, लूर म्हणतात त्याला, पोटाखाली तीन-तीन काट्यांचे दोन गळ, गेला सणसणत आणि बसला कुठं? आजींच्या वाळत घातलेल्या नऊवारीत! सोवळ्याचं लुगडं हो! आजी पंढरीच्या माळकरी, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. काही बोलल्या नाहीत. लुगडं काढलं, भोक बघितलं, लेकाकडे बघितलं आणि खाली गेल्या. त्या दिवसापासून मुलाशी अबोला. जेवायला वाढायचं तर सूनबाईंना सांगायच्या, "त्यांना विचार, आमटी हवी का." त्यांना!

तर काय सांगत होते... हां, रेवदंडा. कोजागिरी झाल्यावर जायचं ठरलं. तिथल्या बोटवाल्याला फोन केला. तो विचारतो, तिथी कोणती पडतेय? चौघं एकमेकांच्या तोंडाकडे. मोबाईलवर वारा बघितलेला, पाऊस बघितलेला, तिथी कुणाला ठाऊक! आतून आजींचा आवाज आला, "वद्य अष्टमी." लेकाशी नाही हं बोलल्या, भिंतीशी बोलल्या. बोटवाल्यानं लगेच हिशोब केला. कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करतात ना, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. आणि अष्टमीला भांग, पाण्याला उधाणासारखी ओढ नाही, म्हणून पाणी निवळ. निवळ पाण्यात माशाला तो प्लास्टिकचा मासा दिसतो. म्हणजे बघा, ज्या माउलीनं अबोला धरला तिनंच मुहूर्त काढून दिला. हे अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही. तुम्ही सांगू नका.

गाडीत सरांनी सगळ्यांना इतिहास पाजला. रेवदंड्याला लागूनचं चौल म्हणजे निजामशाहीचं बंदर, तेव्हा ही खाडी मुळात आपल्या नगरचीच. एका बाजूला रेवदंड्याचा कोट, समोर कोर्लई, आणि मधे आपण वारसदार! आमचे हे तर असे छाती काढून बोटीत बसले म्हणे, जणू पट्टा लिहून दिलाय.

पहिला मासा ह्यांनाच लागला बरं का. आता आमच्या घरचं आहे म्हणून लपवत नाही. शिंगाळा. खाली मिशा, पाठीवर नि बाजूंना काटे, आणि काट्यात विष. बोटवाला ओरडतोय हात लावू नका, आणि हे फोटोसाठी कुशीत घ्यायला निघाले. असा काटा बसला अंगठ्यात! किनाऱ्यावर आल्यावर एका कोळीणबाईनं तांब्याभर गरम पाणी आणून हात त्यात बुडवायला लावला, सोसेल तेवढं गरम. त्या विषावर उष्णतेचाच उतारा. घरी मात्र मला सांगितलं की रॉडचा रपाटा बसला. अंगठा बघा अजून कसा...

पण ते सोडा. संध्याकाळी सव्वासहाला साहेबांच्या रॉडला ओढ बसली. रॉड अशी वाकली म्हणे, धनुष्यासारखी. रीळ किंचाळतंय. पाण्याबाहेर झेप घेतली तेव्हा दिसला, जिताडा! चांदीसारखा, आमचे हे म्हणतात सात-आठ किलोचा, मेडिकलवाला म्हणतो चार. दहा मिनिटं झुंज. आणि मग...

मग काय, रात्री अकराला साहेबांचा फोन, आमच्या घरी. "पकडला. आणि सोडून दिला."

अहो, माझ्याकडे मसाला वाटून तयार! आजींच्या घरी मासा शिजणार नाही म्हणून सगळं माझ्या ओट्यावर. दोन नारळ खवलेले, आमसुलं भिजवलेली, जावेच्या माहेरून तिरफळं मागवलेली. साहेबांच्या मिसेस, सरांच्या मिसेस, आम्ही तिघी जणी कढईभोवती उभ्या. 'सोडून दिला' ऐकलं आणि सरांच्या मिसेसनी गॅस बंद केला. कुणी बोलेना. शेवटी मी त्या वाटणात वांगी-बटाटा घातला. तिरफळ घातलेली वांगी खाल्लीत कधी? खाऊ नका.

आणि कारण काय सांगितलं ऐका. तुम्हाला जिताड्याचं माहितीये ना? लहानपणी नर असतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाला की मादी होतो. खरंच हो! सरांनी सांगितलं तेव्हा आम्ही बायका पोट धरून हसलो, की चला, समज आल्यावर तरी. गोबऱ्याचं उलटं, तो आधी मादी असतो. तर साहेब घरी आल्यावर म्हणाले, एवढा मोठा जिताडा म्हणजे मादीच, लाखांनी अंडी घालणारी. "लेकुरवाळी होती, म्हणून सोडली."

हे शब्द आजींच्या कानावर पडले. अहो, काय सांगू! माजघरातून काठी टेकत आल्या, लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. अबोला संपला. सकाळी बेसनाचा लाडू स्वतःच्या हातानं. दुपारी भजनी मंडळात सांगितलं, "माझ्या लेकानं लेकुरवाळीला जीवदान दिलं." तिथून हा सत्कार.

पण इकडे गच्चीवर चहाला जमले, आणि मेडिकलवाला, तो मेला वकीलच व्हायचा, साखर ढवळता ढवळता विचारतो, "साहेब, मासा सोडला म्हणता, तर त्याच्या तोंडातलं लूर कुठंय?"

साहेबांचा चेहरा असा उतरला! कप तोंडाशी नेला, तो खाली ठेवायचं सुचेना. लूरच नाही परत आलं. म्हणाले, घाईत राहिलं. मग म्हणाले, लीडर माझ्या हाताला लागला होता. लीडर म्हणजे ब्रेडच्या टोकाला जाड नायलॉनचा तुकडा बांधतात तो, घासून तुटू नये म्हणून. परदेशात मार्लिनसारख्या माशांच्या स्पर्धांत नियमच आहे, लीडर हाताला लागला की मासा पकडून सोडल्यात जमा. म्हणून साहेबांचा हा सगळा आटापिटा. सर म्हणाले, पण त्याआधी तुमचा तोल गेला तेव्हा रॉड मी धरली होती. ती अमेरिकेतली इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन आहे ना, 1939 सालची, तिच्या नियमात झुंज चालू असताना दुसऱ्यानं रॉडला हात लावला की तो मासा बादच. तेव्हा लीडरचं काय घेऊन बसलात? वर म्हणतात कसे, "मुर्तजा निजामशहानं 1570-71 ला चौलला महिनोन् महिने वेढा घातला, पोर्तुगीज काही हलले नाहीत. नगरकर तिथून रिकाम्या हातानं परत यायची ही काही पहिली वेळ नाही." मेडिकलवाला हसला. आमचे हे हसले नाहीत. तेव्हाच मला वास आला, की ह्यांना काहीतरी ठाऊक आहे.

तर काय सांगत होते... धुणं! ह्यांची ती खाऱ्या वासाची पँट धुवायला घेतली, खिसे चाचपले, तर वीतभर नायलॉनचा तुकडा. टोक बघते तर डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं. मी समोर नाचवला आणि विचारलं. आधी कबूल होईनात. मग म्हणाले, दगडाला घासून तुटला असता तर टोक खरबरीत झालं असतं. असं वळलेलं टोक म्हणजे गाठ सुटली. साहेबांनीच मारलेली, व्हिडिओत बघून! ओल न करता, घाईघाईत आवळलेली. मासा बोटीपासून दोन हातांवर होता. साहेब मटकन बसले आणि पाच मिनिटं एकही शब्द बोलले नाहीत, मग म्हणाले, "सोडला." ह्यांनी हळूच तो तुकडा कापून खिशात घातला, मित्राची अब्रू म्हणून. बघा! माझे दोन नारळ गेले त्याचं काही नाही.

आणि ती लेकुरवाळी, तोंडात तो प्लास्टिकचा मासा घेऊन गेली हो. वाईट त्याचं वाटतं मला, खरंच. लूरचे काटे गंजून पडतील म्हणतात हे... पडोत बाई.

तुकडा आहे माझ्याकडे. हिंगाच्या डबीत. कुणाला दाखवणार नाही, पण तुम्ही आत आलात तर दाखवीन.

आता खरी पंचाईत पुढे आहे. काल आजी मला म्हणाल्या, "पुढच्या अष्टमीला मीही जाणार. लेक मासा सोडतो ते डोळ्यांनी बघायचंय." चौऱ्याऐंशीव्या वर्षी रेवदंड्याला! म्हणजे साहेबांना आता सोडण्यासाठी का होईना, एक पकडावा लागणार. आईच्या देखत. रात्री बाराला उठलात तर बघा त्यांच्या हॉलकडे. दिवा असतो. चष्मा कपाळावर, समोर नायलॉनचं रीळ, एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधलेलं, आणि गाठी मारत बसलेले असतात...